चौपाटीवरचं विमान आणि इंजिनाचा प्रश्न

आजची गोष्ट गिरगावातली. सांगताना थोडं जड जातंय, कारण लहानपणापासून मी ती खरी मानत आलोय.

१८९५ साली शिवकर बापूजी तळपदे यांनी गिरगाव चौपाटीवर ‘मरुत्सखा’ नावाचं विमान उडवलं, राइट बंधूंच्या आठ वर्षं आधी. आजोबा हे सांगायचे तेव्हा ऊर भरून यायचा. तळपदे खरे, त्यांचा ध्यासही खरा. पण त्या उड्डाणाचा त्या काळचा पक्का पुरावा आजवर मिळालेला नाही.

इंजिनिअर झाल्यावर मला पहिला प्रश्न पडला तो हा, की इंजिन कुठलं होतं?

उडायला दोन गोष्टी लागतात: तोलणारं काहीतरी आणि ढकलणारं काहीतरी. तोलणारं मुंबईने पाहिलं होतं. १८७७ मध्ये जोसेफ लिन लालबागच्या बागेतून बलूनमध्ये बसून निघाला आणि दादरला उतरला. १८८९ मध्ये पर्सिव्हल स्पेन्सरने परळला बलूनमधून पॅराशूट घेऊन उडी मारली. म्हणजे कापडावर माणूस तोलतो, हे लोकांना ठाऊक होतं. पण दोघंही वाऱ्याच्या मर्जीवर!

सगळं अडलं होतं वजनापाशी. राइट बंधूंचं १९०३ चं इंजिन साधारण १२ हॉर्सपॉवरचं आणि ८० किलोच्या आसपास. तेही बाजारात मिळेना, म्हणून त्यांच्या सायकलच्या दुकानातल्या चार्ली टेलरने ते बनवलं. आजचा पॅरामोटर बघा. डोक्यावर कापडी पंख, पाठीवर इंजिन आणि पंखा. तेवढी ताकद देणारं हे सगळं ओझं २५-३० किलोचं, पाठीला बांधून माणूस चक्क धावत सुटतो. १८९५ मध्ये असं हलकं इंजिन आलं कुठून? तळपद्यांच्या विमानात पाऱ्याचं यंत्र होतं म्हणतात, पण तसं चालणारं यंत्र कुणी दाखवलेलं नाही.

याच मुंबईत कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत घराच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. २०१६ मध्ये ते बीकेसीतल्या प्रदर्शनात ठेवलं होतं. पुढे बरीच धावपळ करून २०१७ मध्ये त्याची सरकारी नोंदणी झाली. उद्या कुणी विचारलं, तर दाखवायला कागद आहे.

तळपद्यांचा कागद मात्र सापडत नाही. तुम्ही चिराबाजार-गिरगावातले असाल आणि घरच्या माळ्यावर त्या काळचं एखादं पत्र, बिल किंवा स्केच पडलेलं असेल, तर प्लीज कळवा. मी चूक ठरलो, तर सगळ्यात जास्त आनंद मलाच होईल.

भेटूया पुढच्या भागात!