वुल्फडॉग

लांडगा व पाळीव कुत्रा यांच्या संकरातून झालेल्या प्राण्यांना आणि अशा संकरजांपासून पैदास केलेल्या श्वान-अभिजातींना ही संज्ञा लावतात. जर्मन शेपर्ड, सायबेरियन हस्की इ. कुत्रे लांडग्यासारखे दिसतात. परंतु केवळ त्या साम्यामुळे त्यांना वुल्फडॉग म्हणता येत नाही. बाह्य साम्य, नजीकचा रक्तसंबंध आणि स्वभाव या तीन भिन्न गोष्टी होत.

कुत्र्याचा उगम एकापेक्षा अधिक वन्य जातींपासून झाला असावा, असे चार्ल्‌स डार्विन यांचे मत होते. कोनराट लोरेन्‌ट्‌स यांनी काही कुत्र्यांचा संबंध कोल्ह्याशी जोडला होता. पुढे त्यांनी ते मत सोडून दिले. आनुवंशिकीय संशोधनाने सर्व कुत्रे करड्या लांडग्याच्या (कॅनिस ल्यूपस) वंशातील असल्याचे सिद्ध झाले आहे. जर्मनीत बॉनजवळील ओबरकासेल येथे १९१४ मध्ये एका स्त्री-पुरुषाच्या दफनात कुत्र्याचेही अवशेष सापडले. ते सु. १४,००० वर्षांपूर्वीचे आहेत. म्हणजे निदान तेव्हापासून माणसाच्या सहवासात राहू शकणाऱ्या प्राण्यांची निवड होत आली आहे. लांडगा व कुत्रा या दोहोंत ७८ गुणसूत्रे असून त्यांची संतती प्रजननक्षम असते. त्यामुळे संकर साधणे शक्य असले, तरी इतक्या दीर्घ निवडीतून आलेला स्वभाव त्यात टिकतोच असे नाही. विसाव्या शतकातील दोन प्रयोगांवरून हे स्पष्ट झाले.

नेदर्लंड्‌समधील लेंडर्ट सार्लोस (१८८४–१९६९) यांना जर्मन शेपर्ड ही अभिजाती फार माणसाळल्यामुळे दुर्बल झाल्याचे वाटत होते. तिच्यात नैसर्गिक गुण पुन्हा आणण्यासाठी त्यांनी १९३० नंतरच्या दशकात आपला कुत्रा व रॉटरडॅम प्राणिसंग्रहालयातील लांडग्याची मादी यांचा संकर घडवून आणला. त्यातील काही कुत्रे आरंभी अंधांचे वाटाडे म्हणून उपयोगी पडले. परंतु लांडग्याचे रक्त जसजसे वाढविण्यात आले, तसतशी ही उपयुक्तता नाहीशी होत गेली. अपरिचितांपासून दूर राहणे व अडचणीत निसटून जाण्याची धडपड करणे, हे लांडग्याचे गुण त्यांच्यात प्रकट झाले. सार्लोस यांच्या मृत्यूनंतर १९७५ मध्ये या अभिजातीला त्यांच्या नावाने मान्यता मिळाली.

चेकोस्लोव्हाकियात १९५५ मध्ये हाती घेतलेला प्रयोग मुळात जीववैज्ञानिक होता. कारेल हार्टल यांच्या देखरेखीखाली ब्रिटा ही कार्पेथियन लांडग्याची मादी व जर्मन शेपर्ड नर यांच्यापासून १९५८ मध्ये पहिले संकरज जन्मले. प्रयोग संपल्यावर १९६५ मध्ये पैदाशीची योजना आखण्यात आली. लांडग्याची काटकता व कुत्र्याची शिक्षणक्षमता यांचा मेळ घालणे, हा तिचा हेतू होता. यांतील काही कुत्रे सीमासंरक्षणासाठी वापरण्यात आले. १९८२ मध्ये या अभिजातीला राष्ट्रीय मान्यता मिळाली. आंतरराष्ट्रीय श्वान-महासंघाने तिला १९८९ मध्ये तात्पुरती व १९९९ मध्ये कायम मान्यता दिली.

सौम्यपणा हा आनुवंशिक गुण असल्याचे दमीत्री बेल्यायेव यांनी १९५९ मध्ये सोव्हिएट रशियात रुपेरी खोकडांवर सुरू केलेल्या प्रयोगातून दिसून आले. केवळ कमी बुजऱ्या व कमी आक्रमक प्राण्यांची निवड करीत गेल्यावर, काही पिढ्यांतच माणसाला पाहून शेपूट हलविणारी पिले निपजू लागली. यावरून केवळ लहानपणापासून पाळल्याने वन्य प्राण्याचा कुत्रा होत नाही, हे उघड होते. पाळणे एका प्राण्यापुरते असते. माणसाळणे अनेक पिढ्यांत घडते.

भारतात या संकराकडे वेगळ्या दृष्टीने पाहावे लागते. महाराष्ट्रातील माळरानांवर लांडगे व भटकी कुत्री यांचा वावर एकाच क्षेत्रात असतो. पुण्याच्या परिसरातील अशा एका संकरजाची ओळख जीनोम-विश्लेषणाने पटल्याचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. भारतीय लांडग्याला वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण आहे. परंतु कुत्र्यांशी होणारा संकर कायद्याने थांबत नाही. तो वाढत गेल्यास लांडग्याचा अतिप्राचीन वंश कुत्र्यांच्या वंशात मिसळून जाण्याचा धोका संभवतो. यूरोपात माणसाने हेतुपूर्वक घडविलेली गोष्ट येथे त्याच्या दुर्लक्षामुळे घडू शकते. म्हणून माळरानांचे रक्षण व गावोगावच्या मोकाट कुत्र्यांच्या संख्येचे नियंत्रण, हे लांडग्याच्या संरक्षणाचेच भाग ठरतात.