‘घाचर घोचर’ : पैसा आल्यावरचे घर

कुटुंब हा भारतीय कादंबरीचा जुनाच विषय. मात्र मध्यमवर्गीय घरात अचानक पैसा आल्यावर नात्यांचे काय होते, याचा नेमका वेध घेणाऱ्या अलीकडच्या लेखनात विवेक शानभाग यांच्या ‘घाचर घोचर’ (२०१३) या छोटेखानी कन्नड कादंबरीचा उल्लेख अपरिहार्य ठरतो. उत्तर कन्नड जिल्ह्यातील अंकोल्याचे शानभाग (जन्म १९६२) शिक्षणाने अभियंते. मातृभाषा कोकणी असली, तरी त्यांनी लेखनासाठी कन्नड निवडली. ‘देशकाल’ या नियतकालिकाचे ते संपादक होते.

कथानक बंगळूरमध्ये घडते. चहाच्या कंपनीत विक्रेत्याची नोकरी करणाऱ्या वडिलांच्या पगारावर पाच जणांचे घर चालते. एकामागे एक अशा लहान खोल्या आणि मुंग्यांचा सततचा उपद्रव. वडिलांची नोकरी सुटते, तेव्हा त्यांच्या निवृत्तीच्या रकमेतून धाकटा भाऊ ‘सोना मसाला’ हा व्यवसाय उभारतो. केरळमधून घाऊक मसाले आणून ते पाकिटांतून विकले जातात. लवकरच कुटुंब मोठ्या घरात राहायला जाते.

ओढगस्तीच्या दिवसांत प्रत्येक खर्चाचा विचार सारे मिळून करीत. संपन्नतेतही ही एकी टिकते, पण आता ती कमावत्या काकाला जपण्यासाठी वापरली जाते. काकाला भेटायला आलेल्या एका स्त्रीला घरातील बायकाच अपमान करून दारातून परत पाठवतात. त्याविरुद्ध बोलते ती एकटी सून अनिता. काम न करता पगार घेणारा तिचा नवरा, म्हणजेच कादंबरीचा निवेदक, गप्प राहतो. या मौनातच कादंबरीचा खरा ताण आहे.

शीर्षकातील शब्द कन्नड कोशात सापडणार नाही. अनिता आणि तिच्या भावाने लहानपणी तो बनवलेला. अर्थ, सुटता न सुटणारा गुंता. श्रीनाथ पेरूर यांच्या इंग्रजी अनुवादामुळे ही कादंबरी देशाबाहेरही पोहोचली. ‘सकीनाळ मुत्तु’ (२०२१) या पुढच्या कादंबरीतही शानभाग बंगळूरच्या मध्यमवर्गीय घराकडेच वळले.

लेखक कोणाचाही निवाडा करीत नाही. शेवटही मोकळा ठेवतो. मात्र घरातील शांतता नेमकी कोणाला गप्प करून टिकवली जाते, हा प्रश्न पुस्तक मिटल्यावरही वाचकाची पाठ सोडत नाही.