तारायंत्राची दोन नातवंडे

मल्टिमीटर घ्यायला निघालेला माणूस बहुधा नव्या सोयी मोजतो: बटणे किती, पडदा अंधारात उजळतो का, खिशात मावतो का. तलवारबाजीचे साहित्य तपासण्यासाठी छोटा मीटर घेणाऱ्याने मात्र आधी त्याचे कूळ पाहावे. विजेवर चालणारी तलवार आणि तिची तपासणी करणारा मीटर ही एकाच आजोबांची नातवंडे आहेत, आणि ते आजोबा म्हणजे तारायंत्र. मीटरच्या अंगचे गुण कोणते आणि बाजारात आल्यावर त्याला जडलेल्या सवयी कोणत्या, हे त्या घरात डोकावल्यावरच कळते.

सुरुवात १८२० सालच्या कोपनहेगनची. तारेतून विद्युतधारा सोडली की शेजारची होकायंत्राची सुई हलते, हे ओर्स्टेडने दाखवले. त्याच वर्षी श्वाइगरने तारेचे वेढे देऊन तो परिणाम अनेक पटींनी वाढवला आणि गॅल्व्हानोमीटरचा पाया घातला. पण सुई हलते हे पाहणे निराळे आणि किती हलते हे मोजणे निराळे. हा फरक जगाला महागात पडला तो १८५८ मध्ये. अटलांटिक महासागराच्या तळाशी टाकलेल्या पहिल्या तारेतून संदेश नीट जाईनात, तेव्हा वाइल्डमन व्हाइटहाउसने तिच्यात सुमारे दोन हजार व्होल्टचा दाब सोडला. आधीच दुबळी असलेली ती तार तीनएक आठवड्यांत कायमची गप्प झाली. त्याच कामावर असलेल्या विल्यम थॉमसनचा, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्व्हिनचा, मार्ग अगदी उलटा होता. आरसा लावलेल्या नाजूक गॅल्व्हानोमीटरने तो अत्यंत क्षीण धारा वाचत असे. विजेच्या एककांना शास्त्रज्ञांची नावे द्यावीत ही सूचना १८६१ साली लॅटिमर क्लार्क आणि चार्ल्स ब्राइट या तारायंत्राच्याच अभियंत्यांनी मांडली. ओहम हे एकक आज पाठ्यपुस्तकात दिसत असले, तरी ते रुजले ते ‘तार कुठे बिघडली’ या रोखठोक प्रश्नामुळे. लांबच लांब तार, दोन्ही टोकांना माणसे, मध्ये कुठेतरी दोष, आणि तो शोधायला रोध मोजण्यावाचून इलाज नाही.

मल्टिमीटरचा जन्मही त्याच घरातला. ब्रिटिश पोस्ट खात्याकडे तारा आणि टेलिफोन दोन्हींचा कारभार होता. तिथल्या डोनाल्ड मॅकॅडी या अभियंत्याला दुरुस्तीला जाताना धारेसाठी एक, दाबासाठी दुसरा आणि रोधासाठी तिसरा असे वेगवेगळे मीटर वागवावे लागत. या तिघांना त्याने एका पेटीत आणले. १९२३ मध्ये ती पेटी विक्रीला आली आणि अँपिअर, व्होल्ट, ओहम यांच्या आद्याक्षरांवरून तिचे नाव पडले ‘एव्हो’. तिचे आठवे मॉडेल १९५१ साली आले आणि एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत बनत राहिले. अशी दीर्घायुषी उपकरणे फार थोडी. थोडक्यात, ‘कॉम्पॅक्ट’ असणे हा मल्टिमीटरचा आजचा तोरा नाही, तेच त्याच्या जन्माचे कारण आहे. मात्र मॅकॅडीने तीन पेट्यांची एक केली ती मोजमापात तडजोड न करता.

आता दुसरे नातवंड. तलवारबाजीत टोक लागले की नाही हे पूर्वी मुख्य पंच आणि चार साहाय्यक डोळ्यांनी ठरवत. ऑलिंपिकमध्ये इपी ही तलवार विजेवर आली १९३६ साली बर्लिनला, फॉइल १९५६ साली मेलबर्नला आणि सेबर १९९२ साली बार्सिलोनाला. इपीचे टोक म्हणजे नुसती तारायंत्राची कळ. ७५० ग्रॅमपेक्षा जास्त दाब पडला की आतले सर्किट जुळते आणि दिवा लागतो. फॉइलमध्ये उलट आहे: टोकातले सर्किट एरवी जुळलेलेच असते, ५०० ग्रॅमच्या पुढे दाबले की तुटते. गंमत म्हणजे तारायंत्राच्याही अशाच दोन पद्धती होत्या. युरोपातल्या तारेत कळ दाबल्यावर धारा वाहायची, तर अमेरिकेतल्या तारेत ती सतत वाहायची आणि कळ तिला तोडायची. म्हणूनच दोन्ही तलवारींचे आजार वेगळे आहेत. इपीच्या तारेत रोध वाढला तर अचूक बसलेला वारही दिवा लावत नाही. फॉइलची तार क्षणभर तुटली तर कोणी कोणाला न शिवताच पांढरा दिवा लागतो.

हे आजार टाळण्यासाठी आंतरराष्ट्रीय नियमांनी आकडे ठरवून दिले आहेत. खेळाडूच्या बाहीतून जाणाऱ्या बॉडी वायरच्या प्रत्येक तारेचा रोध १ ओहमच्या आत हवा, इपी आणि फॉइल या तलवारींचा २ ओहमच्या आत आणि धातूचे धागे विणलेल्या लामे जॅकेटचा, कोणत्याही दोन बिंदूंमध्ये, ५ ओहमच्या आत. सगळा व्यवहार एकअंकी ओहमचा. बाजारातल्या मीटरची मोठी जाहिरात असते ती हजार व्होल्टची, मेगओहमची, तापमानाची आणि ट्रान्झिस्टर तपासण्याची. तलवारबाजाला यातले काहीच लागत नाही. त्याला हवा तो डायलवरचा सगळ्यात खालचा, २०० ओहमचा कोपरा, आणि तिथे दशांश ओहम स्थिर दाखवणारा पडदा.

इथे पहिला आक्षेप येतो: एवढे मोजायचे कशाला, कंटिन्युटीची पिपाणी आहे ना? वाजली तर तार चांगली, नाही वाजली तर तुटलेली. तुटलेली तार शोधायला पिपाणी उत्तम, यात वाद नाही. पण बहुतेक स्वस्त मीटरांची पिपाणी ३० ते ५० ओहमपर्यंत, काहींची त्याहूनही पुढे, खुशाल वाजत राहते. घामातल्या मिठाने तांब्यावर हिरवट गंज चढला, सोल्डर सैल झाले, बारीक तारांपैकी निम्म्या तुटल्या, रोध २० ओहमवर गेला, तरी पिपाणी आनंदानेच वाजणार. नियमाच्या वीसपट बिघडलेल्या तारेला ती उत्तीर्ण करते. पिपाणी व्हाइटहाउसच्या वंशातली आहे. पलीकडे काहीतरी पोचले एवढ्यावर तिचे समाधान. तलवारबाजाला थॉमसनच्या वंशाचा मीटर हवा. मोठ्या आवाजाची पिपाणी पाहून मीटर निवडणे ही या बाबतीतली सर्वांत सामान्य चूक आहे, असे माझे मत आहे.

दुसरा आक्षेप काट्याच्या मीटरच्या चाहत्यांचा, आणि तो जास्त वजनदार आहे. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस एका चिपवर मोजमाप आणि आकडे दाखवणे दोन्ही बसले आणि नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारे खिशातले डिजिटल मीटर स्वस्त झाले. त्या जातीची चिप सेकंदाला साधारण तीन वेळा मोजते, आणि तेही सरासरी काढून. फॉइलच्या यंत्राला मात्र १३ ते १५ मिलिसेकंदांचा तुटकपणा पुरतो. मधूनमधून तुटणारी तार डिजिटल मीटरला दिसणारच नाही, काटा मात्र थरथरेल, असे हे लोक म्हणतात. म्हणणे अर्धे खरे आहे. इतक्या क्षणिक तुटीने काटाही जेमतेम शहारतो. पण तपासताना आपण तार हाताने सावकाश वाकवतो, पिळतो, प्लगपाशी हलवतो, आणि तेव्हा तूट बरीच जास्त वेळ टिकते. तेवढी तूट काट्याला दिसते आणि आकड्यांनाही. मात्र मीटर आपोआप रेंज बदलणारा नसावा. तुटीच्या वेळी तो रेंज शोधत बसतो आणि तोवर तार पुन्हा जुळलेली असते. हाताने फिरवायची डायल असलेला साधा मीटर इथे महागड्यापेक्षा सरस ठरतो. ज्यांच्याकडे जुना, चालू काट्याचा मीटर आहे त्यांनी तो फेकू नये, एवढे मी आनंदाने मान्य करतो. महाराष्ट्रात त्यासाठी फार लांब पाहावे लागत नाही: नाशिक रोडच्या मोटवाने कंपनीने असे मीटर बनवले, आणि डिजिटल मीटर बनवणारी ऋषभ इन्स्ट्रुमेंट्सही नाशिकचीच.

राहिला प्रश्न आकाराचा. खरोखर खिशात मावणाऱ्या पातळ मीटरांच्या तारा अनेकदा मीटरलाच कायमच्या जोडलेल्या असतात, बारीक आणि तोकड्या. या तारांचा स्वतःचा रोध ०.२ ते ०.५ ओहम असू शकतो. जिथे १ ओहमची मर्यादा पाळायची तिथे मोजणाऱ्याच्याच हातात अर्धा ओहम! तो आधी दोन्ही टोके जुळवून पाहावा आणि नंतरच्या आकड्यातून वजा करावा. पण तार बदलता आली तर त्याहून बरे. मीटरचे सामान्य बनाना प्लग आणि तलवारीच्या तीनपिनी प्लगच्या पिना दोन्ही ४ मिलिमीटरच्या आहेत. जाडजूड वायरला एकीकडे बनाना प्लग आणि दुसरीकडे मगरचिमटा लावला की तपासणारा एकटा असला तरी काम भागते. लामे जॅकेटवर टोकदार प्रोब कधी टेकवू नये. धाग्यांना इजा होते आणि आकडाही खोटा येतो. नियमात त्यासाठी ५०० ग्रॅमचे गोल बुडाचे वजन वापरतात. घरी प्रोबखाली नाणे ठेवले तरी ढोबळ अंदाज येतो.

तलवारबाजीसाठी खास बनवलेल्या चाचणीपेट्या मिळत असताना मल्टिमीटरची गरज काय, असेही विचारले जाते. पेटी झटपट असते आणि क्लबमध्ये एक असावीच. पण बहुतेक साध्या पेट्या दिव्यांनी बोलतात, म्हणजे पुन्हा पिपाणीचेच भावंड. शिवाय वीज जाते आहे हे पाहण्याइतकेच ती नको तिथे जात नाही हे पाहणेही महत्त्वाचे आहे. १९७६ च्या माँट्रिअल ऑलिंपिकमध्ये आधुनिक पेंटॅथलॉनचा सोव्हिएत खेळाडू बोरिस ओनिश्चेन्को याच्या इपीने ब्रिटनच्या जिम फॉक्सला न शिवताच दिवा लावला. तपासणीत मुठीत लपवलेले बटण सापडले आणि तो बाद झाला. टोक न दाबता इपीच्या दोन तारांमध्ये रोध मोजला तर तो अनंत यायला हवा. घामाने, ओल्या धुळीने किंवा बटणाने तो खाली आला तर आकडा ते सांगतो.

दुकानात पैसे देण्याआधी डायल २०० ओहमवर आणा आणि दोन्ही प्रोब एकमेकांना घट्ट टेकवा. आकडा अर्ध्या ओहमच्या आत येऊन स्थिर राहिला, तर मीटर पिशवीत टाका. नाचत राहिला, तर कितीही छान वाजत असला तरी तो काउंटरवरच ठेवा.