माझगावची जीप आणि मोटारीचे पाणी

मोटारीत तेल किती आहे हे मालक रोज विचारतो. पाणी किती आहे हे मात्र गाडी घाटात उभी राहून समोरच्या जाळीतून वाफ सोडू लागली, म्हणजे मग विचारतो. वास्तविक इंजिनाचे आयुष्य तेलाइतकेच या पाण्यावर अवलंबून असते. हे पाणी ज्या पेटीत निवते तिला रेडिएटर म्हणतात. दिसायला साधी जाळी. पण तिच्यावाचून मोटार दोन-चार मैलांपलीकडे जाती ना! या पेटीची हकिगत मुंबईतल्या माझगावापासून सांगणे सोयीचे आहे. खेड्यापाड्यांतल्या कच्च्या रस्त्यांवर डॉक्टरांची, मामलेदारांची म्हणून जी जीपगाडी लोकांनी पाहिली, ती आपल्या देशात प्रथम बांधली गेली ती याच माझगावात.

माझगाव हे मुंबईच्या मूळच्या सात बेटांपैकी एक. पूर्वेकडे खाडीसारखा शांत समुद्र. त्यामुळे १७७४ सालापासून येथे गलबते दुरुस्त करण्याची गोदी आहे. पुढे आगबोटी आल्या. आगबोटीच्या यंत्रातही उष्णतेचा प्रश्न असतोच. एकदा काम केलेली वाफ निववून तिचे पुन्हा पाणी करावे लागते. पण बोटीला त्याची चिंता नाही. भोवती समुद्र पसरलेला. थंड पाणी आत घ्यावे, तापले की बाहेर सोडावे. मोटारीला मात्र समुद्र कोठला? तिला आपली विहीर आपल्या बरोबरच वाहून न्यावी लागते, आणि तेच तेच पाणी पुन्हा पुन्हा निववावे लागते. रेडिएटरचा सारा इतिहास या एका अडचणीतून निघाला आहे.

जर्मनीत कार्ल बेंझ याने १८८६ साली आपल्या तीनचाकी मोटारीचे पेटंट घेतले, तेव्हा इंजिनाभोवतीचे पाणी सरळ वाफ होऊन उडून जाई. १८८८ साली त्याची पत्नी बर्था हिने मुलांना घेऊन मानहाइम ते फोर्त्सहाइम असा शंभरावर किलोमीटरांचा प्रवास केला. त्या प्रवासात तिला वाटेत जागोजाग थांबून पाणी भरावे लागले. अशी गाडी गावाबाहेर न्यायची म्हणजे पाणवठे मोजीतच जायचे.

यावर खरा तोडगा काढला तो विल्हेल्म मायबाख या यंत्रज्ञाने. १९०० साल संपता संपता तयार झालेल्या ३५ अश्वशक्तीच्या मर्सिडीज गाडीला त्याने मधमाश्यांच्या पोळ्यासारखी पेटी बसवली. तिच्यात सहा-सहा मिलिमीटरच्या ८,०७० चौकोनी नळ्या होत्या. नळ्यांतून वारा वाहायचा आणि त्यांच्या मधल्या चिंचोळ्या फटींतून पाणी. एवढ्या दांडग्या इंजिनाला नऊ लिटर पाणी पुरू लागले. आपल्याकडे मुंबईत पहिल्या मोटारी आल्या त्या १८९८ साली, म्हणजे या शोधाच्या थोड्याच आधी.

आता यातले मर्म पाहा. चहा फार कढत असला तर आपण काय करतो? बशीत ओततो. कपातला चहा तोच, बशीतलाही तोच. पण बशीत तो पातळ पसरतो, त्याला वारा जास्त लागतो आणि तो लवकर निवतो. रेडिएटर म्हणजे अशा शेकडो बश्या एकावर एक रचल्यासारखाच आहे. पुढे नळ्यांची रचना बदलली. पाणी चपट्या नळ्यांतून आणि वारा त्यांना चिकटवलेल्या पातळ पत्र्यांमधून, अशी रीत आली. तत्त्व मात्र तेच राहिले.

हे पाणी फिरते कसे? घरच्या तांब्याच्या बंबात वरचे पाणी आधी तापलेले असते, हे तुम्ही अनुभवले आहे. तापलेले पाणी हलके होऊन वर चढते, गार पाणी जड म्हणून खाली बसते. १९०८ साली निघालेल्या फोर्डच्या प्रसिद्ध मॉडेल टी गाडीत बहुतेक काळ याच न्यायाने पाणी आपोआप फिरे. पण जोराच्या कामाला ही चाल मंद पडते. म्हणून पुढच्या गाड्यांत पाणी ढकलायला पंप आणि वारा खेचायला पंखा आला. दोघांनाही इंजिनच पट्ट्याने फिरवू लागले. शिवाय वाटेत थर्मोस्टॅट नावाचे एक दार असते. इंजिन गार असताना ते बंद राहते, पुरेसे तापले की उघडते. जळलेल्या पेट्रोलची जेमतेम चतुर्थांश ते एकतृतीयांश शक्ती चाकांच्या कामी येते. उरलेली बरीचशी उष्णता धुराबरोबर जाते आणि मोठा वाटा या पाण्याला उचलावा लागतो. तो उचलला गेला नाही, तर दट्ट्या फुगून नळकांड्यात अडकतो आणि इंजिन कायमचे बसते.

आता माझगावाकडे वळू. शेजारच्या शिवडीला जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीने १९२८ सालीच मोटारी जोडण्याचा कारखाना काढला होता. तो १९५४ साली बंद झाला. महायुद्धात जीप ही गाडी जगभर गाजली. चिखल, वाळू, चढ, काही म्हणून तिला वर्ज्य नव्हते. जगदीशचंद्र आणि कैलासचंद्र महिंद्र या बंधूंच्या कंपनीने १९४७ साली सुट्या भागांच्या रूपात ७५ गाड्या मागवल्या. १९४९ साली माझगावात ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन या आगबोट कंपनीकडून ११,०७१ चौरस यार्ड जागा भाड्याने घेतली, आणि त्याच वर्षी आपल्या देशात बांधलेली पहिली विलिस जीप तयार झाली. योगायोग बघा! भोवती समुद्र असणाऱ्या बोटींच्या कंपनीची जागा, आणि तिच्यावर उभी राहिली ती आपले पाणी पोटात घेऊन रानोमाळ हिंडणारी गाडी! १९५४ पासून नुसती जोडणी न करता गाडीचे भाग टप्प्याटप्प्याने येथेच बनवण्याचे काम सुरू झाले.

जीपच्या तोंडावरच्या उभ्या फटी नुसत्या शोभेच्या नव्हेत. त्यांच्या मागेच रेडिएटर असतो आणि वारा त्यांतूनच आत जातो. युद्धातल्या जीपला अशा नऊ फटी होत्या, नागरी जीपला सात. या गाडीत सुमारे दहा लिटर पाणी मावे. घागरभरच म्हणा ना! त्या घागरभर पाण्याच्या भरवशावर रोगी इस्पितळात पोहोचत असे.

हा भरवसा खरा कसाला लागतो तो घाटात. १९४८ सालच्या १ जूनला पुणे ते अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, अशी पहिली एस. टी. धावली आणि हळूहळू गावोगाव मोटार पोहोचली. तिच्याबरोबर ‘गाडी हीट झाली’ हा शब्दप्रयोगही पोहोचला. बोरघाटासारख्या चढावर इंजिनावर भार पुरा, आणि वेग कमी असल्यामुळे समोरून वारा थोडा. अशा वेळी वरच्या गिअरमध्ये गाडी रखडत नेऊ नये. पंखा आणि पंप इंजिनाच्या वेगाने फिरतात, म्हणून खालचा गिअर टाकला की दोघेही जोमाने काम करतात. आणखी एक गोष्ट. समुद्रकाठी पाणी १०० अंशांना उकळते. महाबळेश्वरच्या उंचीवर ते ९५-९६ अंशांनाच उकळते. यासाठी रेडिएटरचे झाकण दाब धरून ठेवणारे केले. चौरस इंचाला सात पौंड जादा दाब असला, तर समुद्रसपाटीला पाणी सुमारे १११ अंशांपर्यंत उकळत नाही.

पण याच झाकणात धोका आहे, आणि तो शाळेतल्या मुलांनाही सांगून ठेवावा असा आहे. तापलेल्या गाडीचे झाकण उघडले की दाब एकदम सुटतो आणि आतले पाणी क्षणात वाफ होऊन उसळते. तोंड, हात, डोळे भाजतात. म्हणून गाडी सावलीत उभी करावी, इंजिन बंद करावे आणि निदान अर्धा तास थांबावे. मग जाड फडके घेऊन झाकण अर्धवट फिरवावे, फुसफुस पुरती थांबली की काढावे. तापलेल्या इंजिनात थंड पाणी भसकन ओतू नये; बिडाला तडा जातो. इंजिन निवल्यावर ते सुरू ठेवून थोडे थोडे ओतावे.

पाणी कोणते, यालाही महत्त्व आहे. मुंबईला १८९२ पासून तानसा तलावाचे पाणी मिळते. माझगावच्या भंडारवाडा टेकडीवर पाण्याचा मोठा साठाच आहे. हे साठवलेल्या पावसाचे मऊ पाणी. देशावरच्या पुष्कळ विहिरींचे पाणी मात्र जड असते. ज्या पाण्याने चहाच्या भांड्याला पांढरा थर धरतो, तेच पाणी रेडिएटरच्या नळ्यांतही थर धरते. थर उष्णता अडवतो, नळ्या बुजवतो, आणि पाणी पुरते भरलेले असूनही गाडी तापते. म्हणून जुन्या गाड्यांत स्वच्छ पावसाचे पाणी भरणे चांगले, आणि वर्षातून एकदा खालची तोटी सोडून सारी पेटी धुऊन काढावी.

बाकीची निगा सोपी आहे. सकाळी गार गाडीतच पाणी पाहावे. पंख्याचा पट्टा अंगठ्याने दाबावा. अर्ध्या इंचाहून फार दबला तर तो सैल आहे. रबरी नळ्या मऊ किंवा फुगीर झाल्या असतील तर बदलाव्यात. जाळीत कुसळे, किडे, चिखल अडकतो, तो इंजिनाच्या बाजूने पाणी मारून काढावा. टोकदार काडीने नव्हे. ओढा ओलांडताना काहीजण पंख्याचा पट्टा काढतात. पलीकडे गेल्यावर तो आठवणीने चढवावा, नाहीतर पंपही बंदच राहील. गळती थांबवायला हळद टाकण्याची युक्ती ड्रायव्हर मंडळींना ठाऊक आहे. तिने गाव गाठता येते, पण तोच गाळ पुढे नळ्या बुजवतो. म्हणून गावी पोहोचताच भोक बुजवून घ्यावे. पाण्यात तेलाचा तवंग दिसला किंवा तेलाला दुधाळ फेस आला, तर दोष इंजिनाच्या आत आहे. गाडी मेकॅनिककडे न्यावी.

आताच्या गाड्यांत पितळ-तांब्याऐवजी अ‍ॅल्युमिनियमची जाळी असते, पंखा बहुधा विजेवर फिरतो, आणि साध्या पाण्याऐवजी कूलंट भरतात. त्यामुळे गंज धरत नाही. पण त्यातले ग्लायकॉल विषारी असून चवीला गोड असते. काढलेले कूलंट उघड्यावर सांडू नये. कुत्री, वासरे ते चाटतात आणि मरतात. विजेच्या मोटारींतदेखील बॅटरी निववायला बहुधा असाच रेडिएटर लागतो.

यंत्र बदलले, तरी उष्णता बाहेर काढण्याचे काम सुटलेले नाही. शेतावरचा ट्रॅक्टर असो की शाळेची बस, सकाळी निघण्यापूर्वी झाकण उघडून पाणी पाहायला एक मिनिट लागते. ते मिनिट टळले, तर भर घाटात दुपार जाते. आणि गाडीत रोगी असला, तर दुपारहून मोलाचे काही जाऊ शकते.