एका रत्तलाची काटकसर



ज्याची शाळा सातवीत सुटली आणि पुढचे सारे वाचन युनियनच्या कचेरीत, सभा आटोपल्यावर झाले, त्याने इतिहासावर बोलावे हे धाडसच होय. परंतु आजचा इतिहास मजुरांचा आहे. आणि मजुरी कापली म्हणजे काय होते, एवढ्या एका विषयात माझा अभ्यास बरा आहे.

१८७६ साली दख्खनचा पाऊस गेला. सोलापूर, सातारा, पुणे, नगर या जिल्ह्यांत पीक हाती लागले नाही. मुंबई सरकारने दुष्काळी कामे काढली. नीरेचा डावा कालवा, म्हसवडचा तलाव ही त्याच काळातली कामे. खेडुतांच्या हातांनी ती झाली.

त्याच वेळी कलकत्त्याच्या सरकारला खर्चाची चिंता लागली होती. दोन वर्षांपूर्वी, १८७४ साली, बिहारच्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी ब्रह्मदेशातून तांदूळ आणवून माणसे जगविली होती. मृत्यू फार थोडे झाले. पण त्याबद्दल शाबासकी मिळण्याऐवजी उधळपट्टीचा ठपका आला. जानेवारी १८७७ मध्ये लॉर्ड लिटन यांनी ह्याच टेंपलसाहेबांना दक्षिणेत पाठविले ते काटकसर करण्यासाठी. माणूस तोच, पहिल्या खेपेचा धडा मात्र त्याने उलटा गिरविला.

ठरले असे की, मजुराला दिवसाला एक रत्तल धान्याची किंमत आणि वर अर्धा ते एक आणा द्यावा. एक रत्तल म्हणजे आजचे सुमारे साडेचारशे ग्रॅम. एवढ्यावर दिवसभर खडी फोडायची आणि माती वाहायची! मद्रासचे आरोग्य आयुक्त डॉ. कॉर्निश यांनी स्पष्ट लिहिले की, इतक्या अन्नावर कष्टाचे काम करणारे शरीर टिकणार नाही.

सरकारची बाजूही ऐकली पाहिजे. तिजोरी अथांग नसते. मजुरी चढी ठेवली तर ज्यांना गरज नाही तेही कामावर येतील, असे त्यांचे म्हणणे. आजही हेच ऐकू येते. पण त्याच वर्षाच्या १ जानेवारीस दिल्लीला दरबार भरला होता, आणि त्याच्या थाटाला रत्तलाचे माप लावल्याचे कोणी ऐकले नाही.

मग जे घडले त्याला मी महाराष्ट्रातल्या पहिल्या मोठ्या संपांत गणतो. १८७७ च्या पहिल्या महिन्यांत सुमारे लाखभर माणसे ही मजुरी नाकारून कामावरून निघून गेली. त्यांची युनियन नव्हती, निधी नव्हता, घरी दाणा नव्हता.

संप चालविणारा माणूस म्हणून येथे मी थांबतो. गिरणीत संप झाला की मालकाला खोट बसते, म्हणून तो बोलणी करतो. येथे मजूर निघून गेला की सरकारचे पैसे वाचत होते! उलट, माणसे गेली म्हणजे त्यांना गरज नव्हती, असा अर्थ काढायला वाव राहिला. भुकेल्याच्या संपाची ही मोठी अडचण आहे. त्याच्याजवळ अडवून धरण्यासारखे काही नसते.

म्हणून त्याला दुसऱ्याचा आवाज लागतो. तो त्या वेळी पुणे शहराने दिला. १८७० साली स्थापन झालेल्या सार्वजनिक सभेने जिल्ह्यांत माणसे पाठवून माहिती जमविली, अर्ज केले, आणि कैद्यालाही याहून जास्त अन्न मिळते हे दाखवून दिले. गणेश वासुदेव जोशी, ज्यांना लोक सार्वजनिक काका म्हणत, ते या सभेचे आधारस्तंभ.

१८७६ ते १८७८ या काळात ब्रिटिश मुलखात पन्नास लाखांवर माणसे गेली, असा सरकारच्याच दुष्काळ आयोगाचा अंदाज. कष्टकऱ्याला रत्तलाहून अधिक अन्न लागते हेही त्या आयोगाने १८८० साली मान्य केले. वाचविलेल्या आण्यांचा हिशेब असा पुरा झाला.

१९७२ च्या दुष्काळात माझी आई खडी फोडायला जात असे. मी बाभळीला बांधलेल्या झोळीत. कामावर मिळालेली सुकडी ती पदरात बांधून थोरल्या भावंडांसाठी घरी आणी. वि. स. पागे यांच्या प्रयत्नाने रोजगार हमी योजना उभी राहिली ती याच काळात. १९७५ साली शहरातल्या पगारदारांवर आणि धंदेवाल्यांवर व्यवसाय कर बसला, तो मुख्यतः ह्या योजनेसाठी. १९७७ साली कायदा झाला, तो १९७९ साली अमलात आला. मागणीनंतर पंधरा दिवसांत काम, नाही तर भत्ता. एक रत्तल नाकारणाऱ्यांना बरोबर शंभर वर्षांनी मिळालेले हे उत्तर, असे मी समजतो. २००५ साली देशानेही रोजगार हमीचा कायदा केला.

पण कायदा पुस्तकात असतो आणि मजुरी अंदाजपत्रकातून येते. हजेरीपट भरून महिनोन्‌महिने मजुरीची वाट पाहणारी माणसे मी स्वतः पाहिली आहेत. कायदा जागचा हलला नव्हता, फक्त पैसे पोहोचले नव्हते.

आपण शहरची मंडळी आहात. पगाराच्या कागदावर ती कराची ओळ आपण पाहिली असेल, कदाचित कुरकुरलाही असाल. यापुढे ‘खर्चात कपात’ हे शब्द वर्तमानपत्रात आले, तर एवढेच विचारा: कोणाच्या ताटातले किती कमी झाले, आणि त्याचा आवाज इथवर येतो काय? येत नसेल तर तो पोहोचविणे आपल्याकडे लागते. १८७७ साली पुण्याने ते केले होते.