फ्रिक्वेन्सी पाहणारं यंत्र: स्पेक्ट्रम ॲनालायझरची कुळकथा

वेल्समध्ये ॲबरहोसन नावाचं एक लहानसं गाव आहे. या गावाचं इंटरनेट दीड वर्ष रोज सकाळी सातला कोसळायचं. केबली बदलून झाल्या, तरी सात वाजले की पुन्हा तेच. अखेर 2020 मध्ये ओपनरीच कंपनीचे इंजिनिअर पहाटे सहापासून धो धो पावसात गल्लीबोळांतून हिंडू लागले. त्यांच्या हातात छोटा पडदा असलेलं एक यंत्र होतं. सातच्या ठोक्याला पडद्यावर विद्युत गोंगाटाचा मोठा झटका उमटला आणि त्याचा माग काढत मंडळी एका घराच्या दारात पोचली. तिथे सेकंडहँड घेतलेला एक जुना टीव्ही होता. तो रोज सातला लागायचा आणि सगळ्या गावाच्या फोनलाइनींत गोंगाट ओतायचा. घरमालक बिचारा खजील झाला. टीव्ही कायमचा बंद झाला आणि त्याबरोबर तक्रारीही थांबल्या.

ते यंत्र म्हणजे हातात मावणारा स्पेक्ट्रम ॲनालायझर. ऑसिलोस्कोप सिग्नल वेळेनुसार कसा खालीवर होतो ते दाखवतो, तर हा तोच सिग्नल फ्रिक्वेन्सीनुसार उलगडून मांडतो. पडद्याच्या डाव्या कडेपासून उजवीकडे फ्रिक्वेन्सी वाढत जाते आणि उंची सिग्नलची ताकद सांगते. रेडिओ स्टेशन, मोबाइल टॉवर, बिघडलेला चार्जर, प्रत्येकाचं शिखर आपापल्या जागी उभं दिसतं. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याला याहून जास्त काय हवं?

याच्या घराण्याची एक शाखा प्रकाशाकडे जाते. न्यूटनने लोलकातून सूर्यप्रकाश फोडला. 1859-60 मध्ये हायडेलबर्गला किर्खहोफ आणि बुन्सेन यांनी ज्योतीच्या वर्णपटातल्या रेषांवरून मूलद्रव्यं ओळखण्याची रीत बसवली आणि तिच्या जोरावर सीझियम आणि रुबिडियम ही दोन नवी मूलद्रव्यंही शोधली. जाता जाता कोकणातली एक गोष्ट. 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या निमित्ताने विजयदुर्गावर दरवर्षी हेलियमची आठवण काढली जाते आणि किल्ल्यावरचे ‘साहेबाचे ओटे’ खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियरच्या नावावर सांगितले जातात. लॉकियर मात्र त्या दिवशी भारतात नव्हताच. ते ग्रहण फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ यान्सेनने आंध्रातल्या गुंटूरला पाहिलं. लॉकियरने सूर्याच्या कडेच्या ज्वालांमधली हेलियमची पिवळी रेषा पाहिली ती त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, इंग्लंडमधूनच आणि ग्रहण नसताना. ओटे आपल्या जागी छानच आहेत, पण इतिहास गुंटूर आणि लंडनचा.

रेडिओलहरींना मात्र काचेचा लोलक चालत नाही. तिथे उपयोगी पडला एडविन आर्मस्ट्राँगचा सुपरहेटरोडाइन रिसिव्हर. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्याबरोबर पॅरिसमध्ये असताना, 1918 मध्ये, त्याने ही युक्ती काढली. आलेला सिग्नल रिसिव्हरमधल्याच एका ऑसिलेटरच्या सिग्नलशी मिसळायचा आणि दोघांच्या फरकाएवढ्या, ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर आणायचा. मग चांगला फिल्टर त्या एकाच फ्रिक्वेन्सीसाठी बनवला की काम भागतं. स्टेशन बदलायचं तर ऑसिलेटरची फ्रिक्वेन्सी बदलायची. आपल्या घरच्या जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओचं बटण पिळताना आत हेच चालायचं.

आता ते बटण हाताने न पिळता विजेने, सेकंदाला अनेकदा, या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं तर? 1930 च्या दशकाअखेरीस न्यूयॉर्कमध्ये मार्सेल वॉलेस यांनी हेच केलं. करवतीच्या दात्यासारखा चढणारा आणि धाडकन खाली येणारा एक व्होल्टेज घेतला. त्याने ऑसिलेटरची फ्रिक्वेन्सीही सरकवायची आणि पिक्चर ट्यूबवरचा ठिपकाही आडवा न्यायचा. दोन्ही एकाच व्होल्टेजने चालत असल्यामुळे पडद्यावरची प्रत्येक जागा एकेका फ्रिक्वेन्सीची झाली. याला त्यांनी पॅनोरमिक रिसेप्शन म्हटलं आणि त्याच नावाची कंपनीही काढली.

दुसऱ्या महायुद्धात या यंत्राला खरं गिऱ्हाईक मिळालं ते चोरून ऐकणाऱ्यांचं. कानाला हेडफोन लावून बसलेला ऑपरेटर एका वेळी एकच फ्रिक्वेन्सी ऐकू शकतो. शत्रूने शेजारच्या फ्रिक्वेन्सीवर दहा सेकंदांत निरोप पाठवून सेट बंद केला तर याला पत्ताच नाही. रिसिव्हरच्या बगलेला पॅनोरमिक ॲडॅप्टर जोडला की आजूबाजूचा सगळा पट्टा डोळ्यांसमोर राहायचा आणि नवं शिखर उगवलं की लगेच दिसायचं. म्हणजे या घराण्याचा एक पूर्वज सरळ सरळ हेर होता. युद्ध संपल्यावर हॅलिक्राफ्टर्सने ‘स्कायरायडर पॅनोरमिक’ या नावाने तेच तंत्र हौशी रेडिओवाल्यांना, म्हणजे हॅमना, विकलं. हॅम मंडळी आजही संगणकावरच्या अशा चित्राला पॅनाडॅप्टर म्हणतात.

हेराचा वैद्य झाला तो रडारमुळे. अमेरिकेत एमआयटीच्या रेडिएशन लॅबोरेटरीत रडार घडत होतं. रडारच्या लहरी निर्माण करणाऱ्या मॅग्नेट्रॉनमधून निघणारा झटका असतो मायक्रोसेकंदाचा आणि फ्रिक्वेन्सी हजारो मेगाहर्ट्झची. त्यात बिघाड आहे हे ऐकून कळणार कसं? तिथल्या इंजिनिअरांनी मायक्रोवेव्हसाठी स्पेक्ट्रम ॲनालायझर बनवले. मॅग्नेट्रॉन ठीक असेल तर मधोमध उंच टेकडी आणि दोन्ही बाजूंना उतरत जाणाऱ्या सारख्या छोट्या टेकड्या दिसतात. झटका एक मायक्रोसेकंदाचा असेल तर मधल्या टेकडीचा पायथा बरोबर दोन मेगाहर्ट्झ रुंद. टेकडी एका अंगाला कलली, तर झटक्याच्या दरम्यान फ्रिक्वेन्सी सरकते आहे. टेकडीच्या दोन झाल्या, तर मॅग्नेट्रॉन मधूनच उडी मारतो आहे. नुसत्या आकारावरून निदान करण्याची ही सवय तिथे रुजली.

त्याच प्रयोगशाळेत आर्थर फोंग नावाचा तरुण चिनी-अमेरिकन इंजिनिअर काम करत होता. 1946 मध्ये तो कॅलिफोर्नियाला ह्युलेट-पॅकार्डमध्ये गेला आणि 1964 मध्ये त्याच्या पुढाकाराने 8551ए हा ॲनालायझर बाजारात आला. आधीची यंत्रं शिखर दाखवायची, पण त्याची उंची नेमकी किती हे विश्वासाने सांगायची नाहीत. शिवाय एका वेळी पट्ट्याचा चिमूटभर भागच दिसायचा. 8551एचा पडदा मोजमापाचा होता आणि एका दमात 2 गिगाहर्ट्झचा पट्टा दाखवायचा. या वंशातला सगळ्यात मोठा टप्पा मी यालाच म्हणेन. इथून पुढे ‘काहीतरी दिसतंय’ जाऊन ‘इतके डीबी खाली आहे’ अशी भाषा आली.

हलकेपणा यायला मात्र वेळ लागला. 1966 मध्ये टेक्ट्रॉनिक्सने 491 हे मॉडेल पोर्टेबल म्हणून विकलं. हँडल होतं, हे खरं; उचलणारा मात्र धडधाकट लागायचा. खऱ्या अर्थाने हातातलं यंत्र आलं ते मोबाइलच्या टॉवरांमुळे. टॉवरखाली किंवा गच्चीवर उभ्या राहिलेल्या तंत्रज्ञाला ट्रॉलीवरचं यंत्र काय कामाचं? बॅटरी, एलसीडी आणि फ्रिक्वेन्सी तयार करणाऱ्या चिप स्वस्त झाल्या आणि अनरित्सूची यंत्रं, पाठोपाठ 2002 च्या सुमारास रोडे अँड श्वार्झचं एफएसएच3, टॉवरवाल्यांच्या बॅगांत जाऊन बसली.

मुंबईसारख्या शहरात त्यांना कामही भरपूर मिळालं. दुकानात किंवा फ्लॅटमध्ये रेंज येत नाही म्हणून कोणीतरी बेकायदा बूस्टर लावतो. तो त्याच्यापुरता खूश असतो, पण बूस्टर स्वतःच शिट्टी मारू लागतो आणि शेजारच्या टॉवरचे कान बधिर होतात. टॉवरला येणाऱ्या पट्ट्यात गोंगाटाची जमीनच वर उचलली गेलेली दिसते. मग ॲनालायझरला दिशा धरणारा अँटेना लावायचा, गोल फिरायचं, शिखर सर्वांत उंच होईल ती दिशा पकडायची, दुसऱ्या ठिकाणाहून पुन्हा तेच करायचं आणि दोन रेषा जिथे छेदतात त्या इमारतीचा जिना चढायचा. दूरसंचार खात्याने शहरात अशा बूस्टरविरोधी मोहिमा वारंवार काढल्या आहेत.

कुळातलं सगळ्यात धाकटं आणि खट्याळ पोर म्हणजे टायनीएसए. एरिक कासहूक या डच गृहस्थांनी 2020 मध्ये ते बनवलं. त्यात सिलिकॉन लॅब्जच्या एसआय4432 या दोन चिप आहेत, ज्या मुळात रिमोट, मीटर असल्या वस्तूंसाठी बनलेल्या. एक ऑसिलेटरचं काम करते, दुसरी रिसिव्हरचं आणि मधली ठरलेली फ्रिक्वेन्सी 433 मेगाहर्ट्झच्या आसपास. रचना म्हणून पाहिली तर ही आर्मस्ट्राँगचीच युक्ती आणि वॉलेस यांचंच फिरतं बटण. किंमत पन्नास डॉलरच्या आसपास असल्याने जी तपासणी पूर्वी मोठ्या प्रयोगशाळेत व्हायची ती आता हॅमच्या टेबलावर होते.

समजा, 145 मेगाहर्ट्झवर 5 वॉट देणारा वॉकीटॉकी तपासायचा आहे. तो यंत्राला थेट जोडला तर यंत्राची पुढची चिप जळून जाईल. 5 वॉट म्हणजे, एक मिलिवॉटच्या तुलनेत मोजलं तर, 37 डीबीएम. मध्ये सिग्नल कमी करणारा 40 डीबीचा अटेन्युएटर टाकला की यंत्रात उणे 3 डीबीएम शिरतं. पडद्यावर 145 चं शिखर, त्याच्या दुपटीवर 290 आणि तिपटीवर 435 पाहायचं. 435 वर डोळा ठेवणं महत्त्वाचं, कारण तो हौशी रेडिओचा दुसरा पट्टा आहे आणि वॉकीटॉकीचा फिल्टर निकृष्ट असेल तर माणूस एका पट्ट्यात बोलतो आणि घाण दुसऱ्यात करतो. अमेरिकेच्या नियमांनुसार 25 वॉटपर्यंतच्या अशा सेटची दुपटी-तिपटीवरची ही पिल्लं मूळ सिग्नलपेक्षा किमान 40 डीबी, म्हणजे दहा हजार पटींनी, दुबळी असायला हवीत.

आता 290 वर उंच शिखर दिसलं म्हणून लगेच वॉकीटॉकीला दोष देऊ नये. ताकद जास्त झाली की ॲनालायझरचा स्वतःचा मिक्सरही अशी पिल्लं घालतो आणि स्वस्त यंत्रात हे फार होतं. आणखी 10 डीबीचा अटेन्युएटर मध्ये जोडून पाहावा. 290 चं शिखर 10 ने उतरलं तर ते वॉकीटॉकीतून आलेलं. ते 20 ने कोसळलं, तर ते ॲनालायझरच्याच पोटात तयार झालेलं. मग तो 10 डीबीचा तुकडा तसाच ठेवून मोजणी पुन्हा पहिल्यापासून करायची.