सापाची लस ऐन पावसाळ्यात का संपते? कुपीचा प्रवास आणि साठ्याचं गणित

भातलावणी, सोयाबीनची खुरपणी सुरू झाली की सर्पदंशाचे रुग्ण वाढतात. "लस संपली, पुढं न्या" हे वाक्यही याच दिवसांत कानावर पडतं. ही लस का संपते, ते समजून घेऊ.

आपण जिला सापाची लस म्हणतो ते खरं तर प्रतिविष. दवाखान्यात त्याला एएसव्ही म्हणतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर हे एकच औषध दिलं जातं. ते बनवायला सापाचं विष थोड्या थोड्या मात्रेत घोड्याला टोचतात. घोड्याच्या रक्तात प्रतिद्रव्यं तयार झाली की ती वेगळी काढून शुद्ध करतात. यात महिने जातात. म्हणजे जुलैत मागणी वाढली म्हणून ऑगस्टमध्ये माल वाढत नाही.

साखळीचं पहिलं टोक तर फारच बारीक आहे. देशात लागणाऱ्या विषाचा मोठा वाटा चेन्नईजवळच्या इरुला आदिवासींच्या सहकारी संस्थेकडून येतो. ही संस्था १९७८ सालची. तिथं काम अडलं तर त्याची झळ सगळ्या देशाला बसते. शिवाय एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशागणिक बदलतं, त्यामुळं काही रुग्णांना जास्त कुप्या लागू शकतात.

आता कुप्यांचं गणित. विषबाधेची लक्षणं दिसली की पहिला डोस साधारण १० कुप्यांचा असतो. लहान मुलालाही तेवढाच, कारण साप वय बघून विष सोडत नाही. गरज पडली तर पुन्हा द्यावा लागतो. म्हणून "आमच्याकडे पाच कुप्या आहेत" या उत्तरावर समाधान मानू नका. तो एका रुग्णाचा अर्धाच डोस झाला. एका रात्रीत दोन रुग्ण आले तर वीस कुप्या तिथंच संपतात.

कुपी पावडरची की द्रवाची, यानंही फरक पडतो. द्रव औषध २ ते ८ अंश तापमानात ठेवावं लागतं, म्हणजे फ्रीज आणि वीज दोन्ही हवं. पावडरची कुपी साध्या तापमानात टिकते. दिवसातून चार वेळा लाईट जाणाऱ्या गावात पावडरच बरी.

राज्यात औषध खरेदीसाठी २०२३ च्या कायद्यानं वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण झालं आहे. वरून माल यायला उशीर झाला तर जिल्हा नियोजनाचा निधी आणि रुग्ण कल्याण समितीचा पैसा यातून स्थानिक खरेदीची वाट असते. पण मागणी मे महिन्यातच जायला हवी.

लस असूनही काम अडतं ते छोट्या वस्तूंमुळं. रक्त गोठतं का हे बघायला स्वच्छ, कोरडी काचेची नळी लागते. त्यात रक्त घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवतात. प्लास्टिकची नळी चालत नाही. लसीची रिअॅक्शन आली तर अॅड्रेनालिन हाताशी हवं. मण्यार चावलेल्याचा श्वास अडला तर ऑक्सिजन आणि अंबू बॅग लागते.

ग्रामसभेत किंवा समितीच्या बैठकीत हे विचारा: आज कुप्या किती, मुदत कधीपर्यंत, आणि साठा कितीवर आला की मागणी जाते? मुदत जवळ आलेल्या कुप्या पडून असतील तर जास्त रुग्ण येणाऱ्या केंद्राकडं वेळेत वळवता येतात.

साप चावलाच तर १०८ ला फोन करतानाच जवळच्या कुठल्या रुग्णालयात लस आहे ते विचारा.